डब्यातलं बोलणं

सीपीयू म्हणजे तो पत्र्याचा डबा नव्हे. हे वाक्य मी वीस-बावीस वर्षं भोरमध्ये सांगते आहे आणि भोर माझं ऐकत नाही.

लोक जिना चढून येतात, ‘मॅडम, सीपीयू बिघडलाय’ म्हणतात आणि अख्खा डबा टेबलावर आदळतात. त्या डब्याला कॅबिनेट म्हणतात. सीपीयू त्याच्या पोटात असतो. बिस्किटापेक्षा लहान चौकोनी तुकडा, डोक्यावर पंखा बसवलेला. कॉम्प्युटरची सगळी अक्कल त्या तुकड्यात असते, आणि अक्कल चालवली की तो तापतो, म्हणून तो पंखा. एवढं सांगून झालं की माणूस मान डोलावतो, ‘बरं बरं’ म्हणतो आणि जाताना विचारतो, ‘मग सीपीयू न्यायला कधी येऊ?’ पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय.

त्यातही डबा आणणारे शहाणे म्हणायचे. एक गृहस्थ वरव्याहून मोटारसायकलवर नुसता मॉनिटर घेऊन आले होते, चादरीत गुंडाळून. म्हणाले, यात माझ्या जमिनीचे कागद आहेत, तेवढे काढून द्या. मी म्हटलं, ‘काका, आरशात बघून आलात म्हणून तोंड आरशात राहतं का?’ ते जे उठले ते परत कधी आले नाहीत. माझी जीभ अशीच आहे. माझी आई म्हणायची, हिला अक्कल देताना देव लगाम द्यायला विसरला. तेव्हा मला ते कौतुक वाटायचं.

एसटी स्टँडपासून पाच मिनिटांवर माझ्या दोन खोल्या आहेत. पुढच्या खोलीत दुरुस्ती आणि ऑनलाइन फॉर्म, मागच्या खोलीत कॉम्प्युटरचा क्लास. कोर्सच्या शेवटी तोंडी परीक्षा असते. बाहेरून परीक्षक येतो, त्याला परतीची गाडी गाठायची असते, आणि तो प्रत्येक मुलाला हार्डवेअरचे चार शब्द विचारून मोकळा होतो. म्हणून मी व्याख्या लिहून देते आणि पाठ करून घेते. समजलं तर उत्तम, नाही समजलं तरी तोंडात असलंच पाहिजे. हे काही खरं शिकवणं नव्हे हे मला कळतं. पण माझी मुलं नापास होत नाहीत.

व्याख्यांचा क्रमही ठरलेला आहे. माउस म्हणजे पडद्यावरचा बाण हलवण्याचे साधन. मॉनिटर म्हणजे संगणकाने केलेले काम दाखवणारा पडदा. सीपीयू म्हणजे संगणकाचा मेंदू. मदरबोर्ड म्हणजे सर्व भागांना एकत्र जोडणारी मुख्य पाटी. एसएमपीएस म्हणजे ज्या भागाला लागेल तेवढीच वीज वाटून देणारा डबा. मग रॅम आणि सगळ्यांत शेवटी हार्ड डिस्क. तापात बरळले तरी मी हेच बरळेन, असं माझे मिस्टर म्हणतात.

ती मुलगी वेल्ह्याकडची होती. गावाचं नाव मी सांगत नाही. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की जिथे एसटी अलीकडेच थांबते आणि माणसं चपला हातात घेऊन पलीकडे जातात, अशा गावांपैकी एक. भोरला मामाकडे राहून कॉलेज करत होती आणि संध्याकाळी माझ्या क्लासला येत होती. हुशार म्हणावी अशी नव्हती. पण हसरी होती, आणि हसायला लागली की थांबायची नाही. एकदा मी पुढच्या खोलीतून मागे गेले तर ही बाईसाहेब माझ्या जागी उभी. चष्मा नव्हता म्हणून डोळ्यांपुढे दोन बोटांची गोल कडी धरलेली, आणि आवाज हुबेहूब माझा: ‘लिहून घ्या! परत सांगणार नाही! मी काय रेडिओ आहे?’ वर्ग लोटपोट. मी तिला दाराबाहेर उभं केलं, पुढच्या खोलीत आले आणि तोंडावर रुमाल धरून हसले. हे मी तिला कधी सांगितलं नाही.

त्याच वर्षी क्लासमध्ये नवी मशिनं आली. जुन्यातलं एक तिनं घरी सरावाला मागितलं. मी देऊन टाकलं. वर एक हेडफोनही दिला, एका कानानं मुका पण माइक चालू असलेला. तिच्या वडिलांनी दुधाच्या टेम्पोतून ते सगळं गावी नेलं. पुढे ती पास झाली, वरव्याजवळच्या एका लहानशा कंपनीत लागली. आलेला माल, गेलेला माल कॉम्प्युटरवर भरायचा. एकदा पेढे घेऊन आली होती. म्हणाली, ‘मॅडम, मला तिथं सगळे मॅडम म्हणतात.’ मी म्हटलं, ‘मग आता जरा कमी हस.’

कंपनीच्या कामानं ती शिवऱ्याला गेली होती. परतताना हायवे ओलांडत होती. दुपारची वेळ, लख्ख ऊन, कुठे धुकं नाही की पाऊस नाही. मोबाईलही तिच्याबरोबरच चिरडला गेला.

दहाव्यानंतर मी त्यांच्या घरी गेले. भिंतीवर फोटो लावला होता आणि तो मीच काढलेला होता. परीक्षेच्या फॉर्मसाठी पांढऱ्या पडद्यापुढे उभी करून. तोच मोठा करून आणला होता, म्हणून चेहरा थोडा फुटल्यासारखा दिसत होता. फोटोत ती हसत नव्हती. ‘तोंड मीट, हसलीस तर फॉर्म परत येईल,’ असं मीच तिला दटावलं होतं. त्या घराकडे ती मोठी झाल्यावरचा तेवढा एकच फोटो आहे.

साधारण वर्षभरानं, जूनमध्ये, तिची आई माझ्या जिन्यावर दिसली. प्रवेशाच्या फॉर्मचा शेवटचा दिवस होता. पुढच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती, नेट मध्येच जात होतं आणि मी सगळ्यांवर खेकसत होते. गर्दीतून वाट काढत ती पुढे आली. डोक्यावर चुंबळ आणि चुंबळीवर कॉम्प्युटरचा डबा. वेल्ह्याकडून नसरापूर, तिथून कापूरहोळ, तिथून भोर, असं दोन ठिकाणी गाड्या बदलत ती आली होती. मॉनिटर नाही, काही नाही, नेमका डबाच. एवढ्या वर्षांत न सांगता बरोबर वस्तू आणणारं माणूस मला विरळाच भेटलंय.

‘म्याडम, यो डबा लई घरघरतो,’ ती म्हणाली. ‘आन मग आपसूक बंद पडतो. तिचं बोलणं अर्ध्यातच तुटतं.’

‘कसलं बोलणं?’ मी विचारलं.

‘तिचं. ह्याच्यात हाय की.’

मी झाकण उघडलं. आत गोठ्याची धूळ, कडब्याचे तुकडे, कोळ्याची जाळी, आणि पंख्याच्या पात्यांवर बोटभर काळा थर. पंखा नीट फिरत नव्हता, म्हणून सीपीयू तापत होता, आणि तापला की मशीन स्वतःला वाचवायला बंद पडत होतं. पाच मिनिटांचं काम. मी ब्लोअर मारला, खोलीभर धूळ उडाली, रांगेतली पोरं खोकायला लागली आणि माझं डोकं फिरलं.

‘मावशी, काय अवस्था केलीत ही?’ मी बोलले. ‘तुमच्या गोठ्यातलं खुरपंसुद्धा याच्यापेक्षा स्वच्छ असेल. अवजार जपता ना? मग तसंच हेही जपायचं. स्वच्छ ठेवायचं, आतूनबाहेरून. हे बघा, हे दोन स्क्रू हातानं फिरतात. ते काढले की झाकण निघतं.’

शब्दन् शब्द माझ्या लक्षात आहे. तिनं मान हलवली आणि स्क्रू कसे फिरतात ते दोनदा फिरवून पाहिलं. चार माणसांपुढे बोलणी खाल्ल्याचं तिला काहीच वाटलं नाही. ती शिकत होती.

डबा माझ्या मॉनिटरला आणि स्पीकरला जोडून चालू केला. पडदा उजळला तशी ती पुढे झाली आणि तिनं स्वतःच माउसवर हात ठेवला. शेजारच्या मुलीनं दाखवून दिलं होतं, कोपऱ्यातल्या खुणेवर बाण न्यायचा आणि डाव्या हाताचं बटण दोनदा दाबायचं. भात लावून फुटलेली तिची बोटं. पहिल्यांदा दाब हळू पडला, मग तिनं श्वास रोखून परत दोनदा दाबलं. आणि माझ्या खोलीत ती मुलगी बोलायला लागली.

तोंडी परीक्षेच्या सरावाचं रेकॉर्डिंग होतं ते. माइक चालतो का बघायला तिनं केलेलं असणार. सुरुवातीलाच ‘लिहून घ्या! परत सांगणार नाही!’ असं माझ्या आवाजात, मग खुदखुदणं, मग व्याख्या. माउस म्हणजे पडद्यावरचा बाण हलवण्याचे साधन. मॉनिटर म्हणजे संगणकाने केलेले काम दाखवणारा पडदा. मागे कुठेतरी म्हैस ओरडते, भांडं पडतं. सीपीयू, मदरबोर्ड, एसएमपीएस. तिथे जीभ अडखळते, ती परत म्हणते. रॅम म्हणजे तात्पुरती स्मृती, वीज गेली की पुसली जाते. आणि हार्ड डिस्क म्हणजे... हार्ड डिस्क म्हणजे... ‘आई, पुढचं काय गं?’ लांबून आईचा आवाज येतो, ‘मला काय इचारती? म्हशीची धार काढायची ऱ्हायलीय, ऊठ!’ त्यावर ती जी हसते ते हसू संपायच्या आधीच रेकॉर्डिंग संपतं.

तिची आई पडद्याकडे बघत होती. पडद्यावर बघण्यासारखं काही नव्हतं, आवाज चालू असल्याची एक सरकती रेघ होती फक्त.

‘रोज ऐकते,’ ती म्हणाली. ‘सांजच्याला, धार काढायच्या आदी. तिच्या बापानं एकदाच ऐकलं आन रानात निघून गेला. मला समदं पाठ झालंय. कळत काईच न्हाई, पन पाठ हाय.’ मग तिनं विचारलं, ‘म्याडम, ह्याच्यातनं तिचं बोलणं कधी जायाचं तर न्हाई न्हवं?’

माझ्या गळ्यात तेव्हा पेनड्राइव्ह लटकत होता. गळ्यातच असतो, मुलं उचलून नेतात म्हणून. तो डब्याच्या भोकात खुपसायचा, ती फाइल उचलायची, इकडे टाकायची. एक मिनिट लागलं असतं. मी काय केलं? भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाले, ‘कुठं जातंय मावशी? आत आहे ते. फक्त स्वच्छ ठेवा.’ आणि पुढच्या मुलाचा फॉर्म ओढला.

दसरा झाला. आमच्या क्लासमध्येही पूजा असते. प्रत्येक मॉनिटरला कुंकवाचं बोट, झेंडूचं फूल, मुलं एकमेकांचे फोटो काढतात. आम्ही पुसतो कोरड्या फडक्यानं. आम्हाला ठाऊक असतं.

दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी क्लास उघडायला आले तर ती जिन्यावर बसलेली. या खेपेला डबा डोक्यावर नव्हता. जुन्या लुगड्यात बांधून मांडीवर धरला होता. मला बघून उठली. मी गाठ सोडली आणि ओल्या पत्र्याचा वास आला. डब्याच्या दर्शनी बाजूला हळदीकुंकू होतं. पाच बोटं, सरळ रेषेत. झाकणाचे दोन्ही स्क्रू घट्ट आणि नीट बसवलेले होते.

आत बघितलं आणि मला कळलं. तरी मी विचारलं, ‘काय केलंत?’

तिनं सांगितलं ते असं. खंडेनवमीला घरातली सगळी अवजारं धुवायची असतात. कोयता, खुरपी, विळे, कुऱ्हाड, नांगराचा फाळ, फवारणीचा पंप. अंगणात मांडून घासायची, उन्हात वाळवायची, मग कुंकू लावून पुजायची. दर वर्षी मुलगी हे काम हौसेनं करायची. गेल्या वर्षी घरात सणच झाला नाही, आणि यंदा ती नाही. अंगणात सगळं मांडल्यावर आईच्या मनात आलं की सगळ्यांची अवजारं इथं आहेत, तिचं तेवढं आत आहे. म्हणून तिनं डबा बाहेर आणला. मी दाखवले होते तसे स्क्रू काढले. साबणाच्या कोमट पाण्यानं, मऊ चिंधीनं, एकेक भाग हळू हळू धुतला. म्हणाली, ‘लेकराला न्हाऊ घालावं तसं धुतलं म्याडम, कुटं जोर न्हाई केला.’ दिवसभर उन्हात ठेवला. हात लावून बघितला तर कोरडा खडखडीत. नवमीला अवजार वापरायचं नसतं, म्हणून त्या सांजेला तिनं तो लावला नाही. म्हशीची धार तशीच काढली. दसऱ्याला नारळ फोडला, तिच्या फोटोला सोनं वाहिलं आणि सणाचं तिचं बोलणं ऐकावं म्हणून बटण दाबलं.

वरून कोरडा होता. पण एसएमपीएस नावाचा जो वीज वाटणारा डबा आत असतो, तो चारी बाजूंनी बंद असतो आणि त्याला हवेपुरती भोकं असतात. भोकातून गेलेलं पाणी उन्हाला काही दिसत नाही. बटण दाबल्यावर ज्याला जेवढी लागेल तेवढी वीज द्यायच्या ऐवजी त्यानं सगळ्यांना सगळी दिली. फट्ट झालं, जळका वास आला. तिनं घाबरून बंद केला. आणि मग त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, थोड्या थोड्या वेळानं परत लावून बघितला.

‘तुमी म्हनला हुता, अवजारावानी जपा,’ ती म्हणाली. त्यात दोष देण्याचा सूर नव्हता. नीट केलं की नाही एवढंच ती विचारत होती.

मदरबोर्डवर हिरवट डाग चढले होते, पंख्यात झेंडूची पाकळी अडकली होती. मी हार्ड डिस्क काढली. तळहाताएवढी, जड, हिच्यातच सगळं साठतं. खालची पट्टी एका जागी काळी पडली होती. दुसऱ्या मशीनला लावून बघितली. ती फिरलीच नाही. कानाशी धरली तर आतून बारीक टिक टिक, मग तेही थांबलं.

‘ही माझ्याकडे ठेवा,’ मी म्हटलं. ‘पुण्यात एक जण अशा डिस्क उघडून आतलं काढून देतो.’

‘निघंल?’

‘बघूया,’ मी म्हटलं. तिनं डबा तिथेच ठेवला आणि लुगड्याची घडी घालून निघून गेली.

मी स्वतः पुण्याला गेले. कुरिअरनं पाठवायची माझी छाती झाली नाही. त्या माणसाचं दुकान स्वच्छ, थंड. त्यानं आठवडाभर ठेवून घेतली. ती काळी पडलेली पट्टी बदलून बघतो म्हणाला, मी आशेला लागले. मिस्टरांना म्हटलं, निघालं तर मी दहा ठिकाणी कॉपी करून ठेवीन. परत बोलावलं तेव्हा त्यानं मला काचेपलीकडून आतली गोल चकती दाखवली. आरशासारखी चकचकीत असते ती. तिच्यावर तांबूस डाग होते, ओघळ वाळल्यासारखे. डिस्कला एक सुईच्या टोकाएवढं भोक असतं, हवा आत-बाहेर व्हायला. पाणी तिथून आत गेलं. तरीही कदाचित काही उरलं असतं, पण परत परत लावल्यानं चकतीवरचं वाचणाऱ्या आतल्या सुईनं ते डाग फरफटत नेले होते. ‘मॅडम, असं कोणी करतं का?’ तो म्हणाला. ‘हार्डवेअर धुतं का कोणी? अडाणीपणाची कमाल आहे.’

मी त्याला म्हणाले, ‘तोंड सांभाळून बोला.’ तो दचकला. त्याचं काहीच चुकलं नव्हतं. पाच महिन्यांपूर्वी मी त्याच्या जागी असते तर याच्या दुप्पट बोलले असते. परतीच्या एसटीत हार्ड डिस्क मी पर्समध्ये ठेवली नाही, हातातच धरली. तिच्या गावाकडे वळणारा चेलाडी फाटा आला, गेला. माझ्या डोक्यात एकच, की एक मिनिट. एक मिनिट लागलं असतं. त्या दिवशी भरलेल्या फॉर्ममधला एकही आज मला आठवत नाही, आणि ते न काढलेलं एक मिनिट मात्र रोज आठवतं.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात ती आली. मागची खोली रिकामी होती, तिथे तिला खुर्चीवर बसवलं, चहा दिला. तिनं चहा घेतला नाही. माझ्या तोंडावरून तिला कळलं असणार, कारण तिनं ‘निघालं का’ असं विचारलंच नाही.

‘मावशी, नाही झालं,’ मी म्हटलं.

तिनं पदराचा बोळा तोंडात धरला आणि डोळे मिटले. रडली नाही. बोळा काढून म्हणाली, ‘म्याच बुडवली तिला.’

तेव्हा मात्र मी बोलले. सगळं बोलले. जूनमध्ये माझ्या गळ्यात पेनड्राइव्ह होता, एक मिनिटाचं काम होतं, मी केलं नाही. स्वच्छ ठेवा म्हणाले, पण पाणी लावू नका असं म्हणाले नाही. चूक तुमची नाही, माझी आहे. हे बोलताना माझा आवाज चढला, रागावल्यावर चढतो तसाच. मला दुसऱ्या आवाजात बोलताच येत नाही.

तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, ‘ऱ्हाऊ द्या म्याडम. तुमाला लई माणसं असत्यात.’ यापेक्षा तिनं मला शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

मला एक सुचलं. मी मोबाईल काढला आणि म्हटलं, ‘तुम्हाला सगळं पाठ आहे ना? तुम्ही म्हणा, मी भरून घेते. निदान शब्द तरी राहतील.’

‘माजा आवाज घिऊन काय करू?’ ती म्हणाली. ‘त्यो हाय की माज्यापाशी.’

मोबाईल मी खाली ठेवला. पण बहुधा तिला म्हणावंसं वाटलं, कारण ती म्हणायला लागली. माझ्याकडे न बघता, भिंतीकडे बघत. ‘लिहून घ्या, परत सांगणार न्हाई.’ मग ती मुलगी जेवढं खुदखुदायची तेवढा वेळ थांबली. माउस म्हणजे पडद्यावरचा बाण हलवण्याचे साधन. मॉनिटर म्हणजे संगणकाने केलेले काम दाखवणारा पडदा. जिला ‘न्हाई’ म्हणायची सवय ती बाई ‘एकत्र जोडणारी मुख्य पाटी’ असं पुस्तकी मराठी एकही काना न चुकता म्हणत होती. एसएमपीएसला अडखळली, परत म्हणाली. भांडं पडायचं तिथे थांबली. रॅम म्हणजे तात्पुरती स्मृती, वीज गेली की पुसली जाते. आणि हार्ड डिस्क म्हणजे... हार्ड डिस्क म्हणजे... आई, पुढचं काय गं.

तिथे ती थांबली. म्हशीच्या धारेचं वाक्य तिनं म्हटलं नाही.

‘तिनं मला इचारलं हुतं,’ ती म्हणाली. ‘आन म्या म्हशीचं सांगत बसले. रोज ऐकायची तवा वाटायचं, आता तरी पुढचं सांगंल. परीक्षेत आलं हुतं का वो तिला त्ये?’

परीक्षेच्या दिवशी मी दाराआड उभी असते, माझ्या प्रत्येक मुलाच्या वेळी. परीक्षकानं तिला तोच प्रश्न विचारला होता आणि तिनं उत्तर दिल्यावर दाराकडे वळून माझ्याकडे बघितलं होतं.

‘आलं होतं,’ मी म्हटलं. ‘न अडखळता सांगितलं तिनं.’

तिचा चेहरा थोडा सैल झाला. ‘काय सांगितलं?’

टेबलावर आमच्या दोघींच्या मध्ये ती हार्ड डिस्क होती. वीस-बावीस वर्षं मी हे वाक्य फळ्यावर लिहिते आहे. हजारो वह्यांत ते माझ्या शब्दांत आहे. मी ते म्हटलं, जसं आहे तसं. ‘हार्ड डिस्क म्हणजे कायमची स्मृती. वीज गेली तरी टिकून राहते.’

तिनं ते हळू आवाजात दोनदा म्हणून बघितलं, पाठ करण्यासाठी. मग टेबलावर बोट ठेवून विचारलं, ‘म्हंजे ही का?’

‘हो,’ मी म्हटलं. ‘हीच.’

तिनं ती उचलली, पदराच्या टोकाला बांधली, गाठ ओढून बघितली. घड्याळात चार वाजत आले होते. कापूरहोळची गाडी चुकली तर धारेला उशीर होईल म्हणाली, आणि डबा तिथेच ठेवून जिना उतरून गेली.